मी नाव घेतलं नव्हतं

नोकरीची शेवटची चौदा वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत होते. दार बंद करून, समोरासमोर बसून, त्यांचा मोबाइल बाहेर ठेवायला लावून. "किडनी द्यायचं तुम्ही स्वतःच्या मनाने ठरवलंय का?"

फरीदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलात मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर होते. त्याआधी बरीच वर्षं डायलिसिसची सिस्टर. कोऑर्डिनेटर म्हणजे काय, असं आमच्या नातेवाइकांनी इतक्यांदा विचारलंय की उत्तर पाठ झालंय. ज्याची किडनी गेली त्याला घरचं कुणीतरी किडनी देतं. कायद्याने जवळचं नातं लागतं, म्हणून कागद लागतात, तपासण्या लागतात, कमिटी लागते. बायको नवऱ्याला देणार असेल तर लग्न झाल्याचा पुरावा लागतो, आणि लोक काय वाटेल ते आणतात. परक्यांच्या लग्नाचे जितके अल्बम मी पाहिलेत तितके फोटोग्राफरनेसुद्धा पाहिले नसतील. हे सगळं जुळवणारी व्यक्ती म्हणजे कोऑर्डिनेटर. पण खरं काम ते नव्हे. खरं काम त्या बंद खोलीतलं.

कारण बाहेर, दहा नातेवाइकांसमोर, नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. एक गृहस्थ होते, लेथ मशिनचा कारखाना असलेले. धाकट्या भावासाठी आले होते. कॉरिडॉरमध्ये छाती ठोकून सांगत होते, "एक क्या, दोनों किडनी ले लो, भाई है मेरा." खोलीत आले, दार लागलं, खिशातून रुमाल काढला आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडमजी, मेरे अंदर कोई बीमारी निकाल दो ना." दुसऱ्या एक आजी होत्या, पासष्टीच्या पुढच्या. त्या मुलाला किडनी द्यायला आल्या होत्या आणि मला सांगत होत्या, "बेटी, पचपन लिख दे, किसको पता चलेगा." आधार कार्ड माझ्या हातात होतं.

खोलीत जो नाही म्हणतो, त्याच्या घरच्यांना आम्ही फक्त एवढंच सांगतो की हा डोनर योग्य नाही. कारण सांगत नाही. घरचे समजतात, तपासणीत काहीतरी निघालं असेल. लेथवाल्या गृहस्थांना तसं सांगितलं तेव्हा ते बाहेर इतके ढसाढसा रडले की पेशंट त्यांची समजूत काढत होता. मी पाणी नेऊन दिलं. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

सुरुवातीला हे मला फार जड गेलं. आमचे वडील जालन्याला मिशनच्या शाळेत मास्तर होते. नको असलेला पाहुणा दारात आला तरी 'ते घरी नाहीत' असं आईला म्हणू द्यायचे नाहीत. उठून स्वतः दारात जायचे. त्यांच्या मुलीने रोज अर्धवट बोलायचं? मी आमच्या दिल्लीतल्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सुमनताई, तुम्ही खोटं बोलत नाही. जे दुसऱ्याचं आहे ते त्याच्याकडे ठेवताय. फक्त एक सांभाळा, ही सवय स्वतःसाठी वापरू नका." तेव्हा त्या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

आता ज्या मुलीबद्दल सांगायचंय तिला ऋचा म्हणते. नाव, हुद्दे, काही खुणा बदलल्या आहेत. लिहिण्याआधी तिला विचारलं होतं. तिचा एका ओळीचा होकार आला आणि तिने दोन बदल सुचवले, तेही केलेत.

ऋचा आणि निखिल पुण्याचे. निखिल गुडगावला एका कंपनीत, वय छत्तीस. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला आमच्याकडे यायचा, मांडीवर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करायचा. त्याच्या आई, शैलाताई, मुलगा आजारी पडल्यापासून पुणं सोडून इथेच राहायला आल्या होत्या. मराठी बोलणारी सिस्टर भेटली म्हणून त्या घराने मला अगदी जवळचं मानलं. शैलाताई डब्यात अळूवडी आणायच्या. "आमची ऋचा देणार आहे," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. ऋचा बाजूलाच उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मी ते मनात टिपून ठेवलं.

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. मग मी तिला खोलीत बोलावलं. प्रश्न विचारला. ती कितीतरी वेळ टेबलावरच्या पेनकडे बघत राहिली. मी घाई केली नाही. ह्या कामात गप्प बसणं हे बोलण्यापेक्षा जास्त शिकावं लागतं.

"विचारलंत म्हणून सांगते," ती म्हणाली. "नाही. मला नाही द्यायची."

"ठीक आहे."

"ठीक कसं असेल? तो माझा नवरा आहे. माझं प्रेम आहे त्याच्यावर. पण माझे बाबा साध्या ऑपरेशनला आत गेले आणि परत आलेच नाहीत. मुलगी साडेचार वर्षांची आहे. मी डोळे मिटले की मला ते टेबल दिसतं." मग घाईने म्हणाली, "मॅडम, घरी कळलं तर मी त्या घरात नाही राहू शकणार."

"कळणार नाही," मी म्हटलं. "इथलं बोलणं ह्या दाराबाहेर जात नाही."

दोन दिवसांनी घरच्यांना सांगितलं गेलं की ऋचा डोनर म्हणून योग्य नाही. शैलाताईंनी मला गाठलं. "पण रिपोर्ट तर सगळे नॉर्मल होते ना?"

"कमिटी सगळ्या बाजू बघून ठरवते, शैलाताई. कारण आम्ही फक्त डोनरलाच सांगतो."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. त्यानंतर अळूवडी आली नाही.

त्याच आठवड्यात निखिलची तब्येत ढासळली. एकदा डायलिसिस चालू असताना त्याचं बीपी एवढं खाली गेलं की आम्ही सगळ्या धावलो. ऋचा काचेपलीकडे उभी होती. तिचा चेहरा मला सहन होईना. आपण तिला दार उघडून दिलं, आता हा माणूस गेला तर? हा विचार माझ्याबरोबर घरी यायला लागला. पोळ्या करताना, भाजी निवडताना, तोच.

आम्ही दिल्लीतली पंचवीसेक मराठी ख्रिस्ती कुटुंबं रविवारी दुपारी कुणाच्या ना कुणाच्या घरी उपासनेला जमतो. त्या रविवारी आमच्याकडे होती. गीतं झाली, उपदेश झाला, मग प्रार्थनेच्या विनंत्या. कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाचे गुडघे. माझी पाळी आली.

"माझ्या कामातली एक विनंती आहे," मी म्हटलं. "नाव नाही घेत. आपल्याकडचीच, पुण्याची मुलगी आहे. नवऱ्याला किडनी द्यावी अशी घरच्यांची अपेक्षा आहे, पण तिची मनाची तयारी नाही. घरात सांगू शकत नाही बिचारी. लहान लेक आहे पदरात. तिला शांती मिळावी आणि त्याला मार्ग सापडावा."

खोलीत सगळे हळहळले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मेघनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मेघना आमच्यातली सगळ्यात मायाळू. कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा. प्रार्थना संपली आणि मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगायचं तर हलकं वाटण्यात थोडा मोठेपणाही होता. किती नाजूक कामं सुमनताई हाताळतात, हे लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मला ते आवडलं होतं.

बुधवारी सकाळी आठ-वीसला फोन आला. मी पार्किंगमध्ये गाडी लावत होते.

"मॅडम, ऋचा बोलतेय. तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

"काय झालं?"

"आमच्या सोसायटीतल्या एक ताई काल केक घेऊन आल्या होत्या. आई दार उघडायला गेल्या. त्या ताईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, घाबरू नकोस ग, आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. द्यायची तयारी नसेल तर तो काही गुन्हा नाही. आई तिथेच उभ्या होत्या, मॅडम."

मेघना. ती त्याच सोसायटीत राहते, हे मला माहीत होतं. दोघींच्या मुली एकाच स्टॉपवर बसची वाट बघतात, हे माहीत नव्हतं. पुण्याची, नवऱ्याची किडनी, लहान मुलगी. त्या सोसायटीत अशा किती असणार?

आणि मी काय बोलले? सगळं बोलता आलं असतं, मी सहाच शब्द बोलले. "मी तुमचं नाव कुणालाही सांगितलं नाही."

पलीकडून, "अच्छा." फोन बंद.

वाक्य खरं होतं. तेच तर वाईट होतं. इतकी वर्षं मी खरी पण अपुरी वाक्यं बोलायला शिकले होते, दुसऱ्यांना वाचवण्यासाठी. त्या सकाळी तीच हातोटी मी स्वतःला वाचवायला वापरली, आणि जीभ जराही अडखळली नाही.

पुढचे चार दिवस मी जेवले असेन तर आठवत नाही. निखिल डायलिसिसला आला तो एकटाच. शैलाताई नाहीत, ऋचा नाही. मला विचारायचा धीर होईना. प्रार्थनेला बसले तर 'मी नाव घेतलं नव्हतं' एवढंच तोंडात यायचं, आणि देवासमोर वकिली करतेय असं वाटून मी उठायचे. ह्यांनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "कामाचं आहे." हे म्हणाले, "मग रविवारी सगळ्यांना सांगायचं, मला नाही?" ते चिडून बोलले नव्हते. सहज बोलले होते. ते मला जास्त लागलं.

सोमवारी मी आमच्या प्रमुखांकडे, डॉक्टर अरोरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, आपने नाम तो नहीं लिया ना?"

तेही मला तेच दार उघडून देत होते.

"नाम नहीं लिया, सर. पर पहचान बता दी."

चष्मा परत लावून ते म्हणाले, "लिखकर दीजिए. अब छह महीने आप किसी का इंटरव्यू नहीं करेंगी." मी उठले तेव्हा विचारलं, "उस लड़की को आपने बताया?"

"नहीं, सर."

"तो पहले वहाँ जाना था."

ऋचा घरी नव्हती. निखिलनेच पत्ता दिला, काही न विचारता. ती मुलीला घेऊन दिल्लीत मुनिरकाला, पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीच्या खोलीवर गेली होती. दोन इमारतींमधून आभाळाची एक पट्टी दिसावी अशा गल्लीत चौथा मजला. जिना चढताना गुडघे दुखत होते, पण मी मुद्दामच सावकाश चढत होते हे मला कळत होतं.

मुलगी जमिनीवर बसून रंगवत होती. ऋचाने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"मी तुम्हाला फोनवर म्हटलं की नाव सांगितलं नाही," मी सुरू केलं. "ते खरं होतं, पण तुम्हाला फसवण्यासाठी बोलले. उपासनेत मीच बोलले. प्रार्थनेसाठी म्हणून. माझ्यामुळे झालंय हे. मला माफ करा."

ती मुलीकडे बघत होती. आवाज चढू दिला नाही तिने.

"लग्नाला आठ वर्षं झाली. मॅडम, आठ वर्षांत मला कुणी दार लावून विचारलं नव्हतं की तुला काय वाटतं. तुम्ही विचारलंत. मला त्या दिवशी घरी जाताना इतकं बरं वाटलं होतं."

"प्रार्थनेसाठी सांगितलंत ना?" ती म्हणाली. "तुमच्या देवाला मी माहीत नव्हते का? त्याला पुण्याची आहे, लहान मुलगी आहे, हे सांगायला लागलं?"

लहानपणापासून ऐकलेले जिभेबद्दलचे सगळे उपदेश एका बाजूला ठेवले तरी ह्या दोन वाक्यांपुढे ते फिके आहेत.

"माफीचं मला आत्ता काही कळत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही जा प्लीज." मुलीने विचारलं, "आई, ह्या आजी कोण?" मी जिना उतरायला लागले होते, उत्तर ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी निखिलच्या डायलिसिसच्या वेळी मी त्याच्या बेडजवळून जात होते. त्याने लॅपटॉप मिटला. "सिस्टर, एक सांगा. ती आत नाही म्हणाली होती?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आता तर सगळ्यांनाच माहीत आहे."

"तरीही."

तो मशिनच्या नळ्यांकडे बघत राहिला. "म्हणजे मला तिलाच विचारावं लागेल."

"हो."

"गंमत बघा," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा गमतीचा नव्हता. "मी तिला विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, ऋचा देणार आहे. ती गप्प होती. मला ते सोयीचं होतं."

डायलिसिस नसलेल्या दिवशी, पायाला सूज असताना, तो ते चार मजले चढून गेला. तिथे दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. पुढचं जे झालं तेवढं सांगते. पंधरा दिवसांनी शैलाताईंनी डोनर म्हणून स्वतःचं नाव दिलं. वय एकोणसाठ. त्या वयामुळे आधी त्यांचा विचारच कुणी केला नव्हता, त्यांनी स्वतःही. तपासण्या उत्तम निघाल्या. त्यांची बंद खोलीतली मुलाखत माझ्या जागी आलेल्या सहकारी मुलीने घेतली. त्यांनी आत काय सांगितलं हे मला आजतागायत ठाऊक नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी रेकॉर्ड सेक्शनमध्ये फायली लावत होते आणि दर दहा मिनिटांनी हात थांबत होता. दुपारी डॉक्टर अरोरा स्वतः दारात आले. "दोनों ठीक हैं," म्हणाले आणि गेले. ऋचा त्या दिवशी हॉस्पिटलात होती, असं मला नंतर कळलं. सासू शुद्धीवर आली तेव्हा तिच्या शेजारी तीच बसली होती. त्या दोघींमध्ये नंतर काय राहिलं आणि काय मोडलं, ते मला विचारायचा हक्क नव्हता.

एक काम उरलं होतं. ज्या लोकांसमोर बोलले, त्यांच्यासमोर कबूल करणं. अडचण अशी की कबुली देतानाही तिची गोष्ट पुन्हा सांगितली जाऊ नये. मी आठवडाभर वाक्यं जुळवली. उभी राहिले आणि एवढंच म्हटलं, "कामाच्या ठिकाणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी इथे बोलले. तुम्हाला ती प्रार्थना वाटली. ती माझी चूक होती. त्याने एका घराला दुखापत झाली. तुम्ही तो विषय विसरा, अशी विनंती आहे."

मागे बसलेले एक ज्येष्ठ गृहस्थ कळवळून म्हणाले, "अरेरे. म्हणजे नेमकं काय झालं?"

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मेघना मात्र ओक्साबोक्शी रडायला लागली. "ताई, मीच गेले होते. मला वाटलं तिला धीर द्यावा." तिला मी स्वयंपाकघरात नेलं. तिची चूक नव्हती असं म्हणू शकले नाही, आणि होती असंही नाही. तिचा हात धरून उभी राहिले.

तेव्हापासून आमच्याकडे विनंत्या मोठ्याने सांगायचं बंद झालं. ज्याला जे मागायचं ते तो पाच मिनिटं मनातल्या मनात मागतो. आमच्यातल्या एका आत्याबाईंना हे अजून पसंत नाही. "आता उपासनेला येऊन काही कळतच नाही," असं त्या जाता येता ऐकवतात. मला हसू येतं, पण पूर्ण नाही. त्या पाच मिनिटांत मी कुणाकुणाची नावं घेते, ती इथे लिहिणार नाही.

सहा महिन्यांनी मला मुलाखती परत मिळाल्या. निवृत्तीपर्यंत घेतल्या. प्रश्न तोच, पण 'हे दाराबाहेर जाणार नाही' असं म्हणताना आवाज दर वेळी किंचित अडकायचा. तो अडकला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

मागच्या हिवाळ्यात नातवासाठी स्वेटर घ्यायला दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारात गेले होते. रेटारेटीत एका ढिगाशी कुणीतरी मराठीत म्हणालं, "हा घे, हा उबदार आहे." मी वळले. ऋचा होती. केस कापलेले, गळ्यात ऑफिसचं कार्ड. शेजारी उंच झालेली मुलगी.

तिने मला ओळखलं. दोघी तशाच उभ्या राहिलो. माझ्याकडे वाक्यं तयार होती, कितीतरी दिवसांची. अजूनही मनात बोचतं, तुम्ही म्हणाला होतात ते रोज आठवतं, वगैरे. पण मुलगी आळीपाळीने आमच्या दोघींकडे बघत होती. मी माफी मागितली असती तर तिने लगेच विचारलं असतं, कशाबद्दल? आणि बरं वाटलं असतं ते मला एकटीला.

"कितवीत आहेस?" मी मुलीला विचारलं.

"चौथीत," ती म्हणाली, आणि मग शाळेच्या बँडमध्ये तिला ड्रम हवा होता पण टीचरने ट्रँगल दिला, हे तिने मला संपूर्ण सांगितलं. मी संपूर्ण ऐकलं. ऋचा स्वेटरची घडी घालत होती. जाताना तिने मान जराशी हलवली. निरोपाची असेल, किंवा नुसतीच.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "बाजारात आज एकजण भेटली."

"कोण?"

"ओळखीची."

हे उठून चहाचं आधण ठेवायला गेले.